हजेरी कोणाची?

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा आपल्याकडे बहुधा तिसऱ्या वरापासून सांगितली जाते. मरणानंतर मनुष्याचे काय होते, हा त्या बालकाचा प्रश्न इतका उत्तुंग आहे, की त्याच्या तेजापुढे आरंभीची एक साधी घटना निरूपणकाराच्या आणि श्रोत्यांच्याही दृष्टीतून निसटून जाते. पित्याने रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकलेले ते मूल यमाच्या दारी पोहोचते तेव्हा यम घरी नसतो, आणि अन्नपाण्यावाचून तीन रात्री ते त्या दारात बसून राहते. परतल्यावर यम काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. मुलाच्या सोशिकपणाची वाखाणणी करीत तो बसत नाही. अतिथी उपाशी राहिला याचा दोष घरधन्याकडे येतो, हे निमूटपणे मान्य करून तो एकेका रात्रीबद्दल एकेक वर देऊ करतो. हजर होते ते मूल. गैरहजेरी लागली ती यमाच्या नावापुढे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांच्या रोडावत्या हजेरीविषयी जेव्हा जेव्हा चर्चा निघते, तेव्हा या हिशेबाची मला आठवण होते. 26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा जवळजवळ तीनचतुर्थांश अरण्याने व्यापलेला आहे, आणि त्या अरण्यात माणसे एका भाषेत राहत नाहीत: वैनगंगेच्या काठी झाडीबोली, धानोऱ्याकडे गोंडी, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, कोरचीत छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू आणि मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींत बंगाली. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. नाल्याच्या अलीकडे गुरुजींची मोटारसायकल अडते आणि पलीकडे मुले. इकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत शाळेची पायवाट आणि वाघाची वाट एकच असते. फेब्रुवारी-मार्च आला, की तेलंगणात मिरचीतोडणीला निघालेल्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात, कारण त्यांना मागे ठेवायला घरी कोणी उरत नाही. दप्तरात या सगळ्याची नोंद एकाच शब्दात होते: गैरहजर. आणि तो शब्द पडतो मुलाच्या नावापुढे.

मुलाने शाळेत यावे, टिकावे आणि संकटात खचून जाऊ नये, हा धर्म नेमका कोणाचा? प्रश्न शिक्षणखात्याचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी धर्मविचार आहे, आणि त्या विचाराचा आपण बराच गोंधळ करून ठेवला आहे.

आपल्या परंपरेत तितिक्षेला मोठे स्थान आहे. शीतोष्ण आणि सुखदुःखे येतात आणि जातात, ती सहन कर, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात. आणि प्रतीकार न करता, चिंता वा विलाप न करता सर्व दुःखे सोसणे, अशी तितिक्षेची व्याख्या वेदान्ताने करून ठेवली आहे. पण ही व्याख्या कोणासाठी आहे? शम, दम, उपरती यांच्या पंगतीत बसणारी ती साधकाची संपत्ती आहे. ज्याने विचारपूर्वक वैराग्य पत्करले, त्या अधिकारी पुरुषाने स्वतःपाशी मागावयाची ती गोष्ट आहे. श्रीकृष्णांसमोर होता तो शस्त्रविद्येत निपुण असलेला प्रौढ क्षत्रिय; दुसरीतली पोर नव्हे. जे स्वतःपाशी मागावयाचे ते दुसऱ्यापाशी, आणि तेही सात वर्षांच्या मुलापाशी, मागितले की त्या सद्गुणाचे रूपांतर निष्ठुरतेत होते. पाच-सहा कोस रान तुडवून शाळेत येणाऱ्या मुलांच्या चिवटपणाचे जे गोडवे आपण शहरात बसून गातो, त्यांत मला नेहमी हा अधर्म जाणवतो. त्या मुलाचे कौतुक करण्यात चूक नाही. पण कौतुक संपल्यावर तो नाला तसाच बिनपुलाचा राहतो, आणि कौतुक करणाऱ्याला मात्र काही केल्याचे समाधान मिळते.

आता मोहफुलांच्या दिवसांकडे पाहू. मार्च-एप्रिलमध्ये मोह रात्रभर गळतो आणि पहाटे झाडाखाली फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडलेला असतो. ऊन चढण्याआधी आणि गुरेढोरे, रानडुकरे तिथे पोहोचण्याआधी ती फुले वेचावी लागतात. वेचायला जितके हात अधिक तितकी टोपली लवकर भरते. आणि वाळवून ठेवलेली ती फुलेच पुढे मीठमिरचीचा पैसा होतात. म्हणजे घरातल्या मुलांची पहाट त्या झाडाखाली जाणार, हे ठरलेलेच. नेमक्या याच दिवसांत, उन्हाच्या भयाने, विदर्भातील शाळा सकाळच्या होतात. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी शहाणपणाच्या आहेत, आणि दोहोंनी मिळून मुलाची सकाळ मात्र दोनदा खर्ची टाकली आहे. एटापल्लीच्या बाजूच्या एका शाळेत अशाच एका सकाळी तिसरीतली एक मुलगी परिपाठ संपून दोन तास उलटल्यावर आली. तिच्या बोटांना मोहाचा चिकटा होता, फ्रॉकच्या ओच्यात चार फुले राहिली होती, आणि तिच्यामागोमाग तो गोडसर, काहीसा आंबूस वास वर्गात शिरला. गुरुजींनी तिच्या नावापुढचा रकाना तोवर मुद्दाम कोरा ठेवला होता. त्यांनी तो भरला, तिला हात धुवायला पाठवले आणि खिचडी शिजत होती तिकडे बोट दाखवून आधी खाऊन ये म्हणून सांगितले. नियमाच्या कसोटीवर त्यांचे वर्तन कदाचित उतरणार नाही. पण यमाने जे तीन रात्रींनंतर जाणले, ते या गृहस्थांनी वेळीच जाणले होते. शाळेच्या पडवीत शिजणारी खिचडी ही योजना म्हणून कितीही सदोष असो, दारी आलेले मूल उपाशी राहू नये, हा तिच्यामागचा विचार उपनिषदाइतका जुना आहे.

सरकारला आपले देणे कळत नाही, असे मी म्हणणार नाही. आदिवासी आणि दरिद्री कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज 1 रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना राज्याने 1992 साली सुरू केली. अट 75 टक्के हजेरीची. त्यामागचा हेतू चांगला होता, परंतु पुढे पाव शतकाहून अधिक काळ तो रुपया रुपयाच राहिला. आणि उलट बाजूस, ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावून मोजदाद करावी लागली, कारण पटावर नावे होती आणि त्या नावांची मुले कुठेच नव्हती. अनुदानासाठी न जन्मलेल्या मुलाची हजेरी लावणारा आणि मोह वेचून आलेल्या मुलीची हजेरी नाकारणारा कारकून एकाच दप्तरात नांदतो, यात मला विसंगती दिसत नाही. दोघांच्याही दृष्टीने हजेरी ही कागदाची वस्तू आहे.

नचिकेत्याने पहिला वर कोणता मागितला, तेही कथेच्या घाईत मागे पडते. पित्याचे मन शांत व्हावे, आणि मृत्यूकडून परत गेल्यावर त्याने मला ओळखावे, प्रसन्न होऊन माझ्याशी बोलावे, एवढेच त्याने मागितले. अग्निविद्या नंतर, आत्मविद्या त्याहून नंतर. ज्ञानासाठी दूर गेलेल्या मुलाची पहिली भीती ही असते, की घर आपल्याला ओळखेल का. आश्रमशाळेत घातलेले माडियाचे मूल दिवाळीला गावी येते, तेव्हा त्याच्या तोंडी शाळेची मराठी असते आणि आजीच्या तोंडी माडिया; या दोहोंमधले अंतर कोणत्याही नाल्यापेक्षा रुंद असते. हेमलकशाला 23 डिसेंबर 1973 रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि 1976 साली तेथे शाळा उघडली, तेव्हा आरंभी मुले शाळेतून निघून सरळ आपल्या गावची वाट धरीत. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर काढलेला उपाय कुलूप घालण्याचा नव्हता. ते स्वतः माडिया शिकले. त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या यशाआधी घडलेली गोष्ट, म्हणजे मोठ्यांनी मुलांच्या भाषेच्या वर्गात हजेरी लावणे, ही अधिक विचार करण्यासारखी आहे.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावाने त्याहून एक पाऊल पुढे टाकले. 2019 साली ग्रामसभेने ठराव करून गोंडी भाषेतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली आणि तिच्या नावात गोटुल हा शब्द ठेवला. शासनाची मान्यता नाही म्हणून खात्याने तिला अनधिकृत ठरवले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. कायद्याचा कीस न्यायालयाने काढावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की एका लहानशा गावाने मुलांच्या हजेरीची जबाबदारी मुलांवरून उचलून आपल्या शिरावर घेतली. गोटुल हे गावाचे सामाईक घर: तिथे तरुण जमतात, पाहुणा उतरतो, गावाचा विचारविनिमय होतो. तिथे गैरहजर राहिलेल्याला दंड होण्याआधी त्याची चौकशी होते. सरकारी शाळेने त्या संस्थेकडून काही घेतले असते तर ही एक गोष्ट घ्यायला हवी होती.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव हे मार्कंडेयाच्या नावाचे देवस्थान आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. सोळाव्या वर्षी मरण ठरलेल्या मार्कंडेयाला न्यायला यम आला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो वाचला. कथेचे तात्पर्य सांगताना आपण त्या मुलाच्या निष्ठेवर भर देतो, आणि तो योग्यही आहे. मुलांच्या अंगी स्वतःचे बळ नसते असे मी म्हणत नाही, आणि त्यांना काचेच्या पेटीत वाढवावे असेही नाही. पण मिठी मारायला तिथे काहीतरी होते, आणि ज्याला मिठी मारली तो प्रकट झाला, या दोन गोष्टींवाचून त्या निष्ठेचे काय झाले असते? मुलाचा धीर हा असा दुसऱ्याच्या आधाराने उभा राहतो. भीतीच्या वाटेवर सोबत करणारी चार मोठी मुले, दोन दिवस न दिसलेल्या मित्राच्या घरी डोकावणारा सवंगडी, दंगलीच्या वा आजाराच्या दिवसांनंतर पहिल्याने नाव घेऊन हाक मारणाऱ्या बाई, एवढ्यावर तो उभा राहतो. आणि हे नसेल तर उपदेशाने उभा राहत नाही.

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. त्याप्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. त्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आपल्या जंगलाचे निर्णय सर्वसहमतीने घेऊन दाखवले आहेत. तेव्हा या मुलखातल्या माणसांना एकत्र बसून ठरवता येत नाही, ही सबब कोणी सांगू नये. येत्या फाल्गुनाआधी प्रत्येक गावच्या समितीने एक सभा घ्यावी आणि तीत मोहफुलांच्या आठवड्यांत शाळा किती वाजता भरवायची, पुराच्या दिवसांत मुलांनी कोणाच्या ओसरीवर बसायचे, मिरचीला गेलेल्यांची मुले गावात कोणाकडे जेवायची, एवढ्या तीन गोष्टींचा ठराव लिहून तालुक्याला पाठवावा. आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तो फाईलीत न घालता त्यावर मंजुरीची सही करावी.