विश्वजित् यज्ञ आणि तेलाच्या जमिनी

विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करावे असे विधान आहे. परंतु यजमान जर सार्वभौम राजा असला, तर त्याच्या सर्वस्वात पृथ्वीही येते की काय, असा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात उपस्थित झाला आहे. सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामींनी त्यावर दिलेला निर्णय निःसंदिग्ध आहे. शेताचा धनी आपले शेत देऊ शकेल, पण पृथ्वी सर्वांना सारखीच असल्यामुळे ती कोणालाच देता येत नाही. राजाचा अधिकार म्हणजे रक्षण करणे आणि त्या रक्षणाच्या मोबदल्यात पिकाचा ठरलेला भाग घेणे, एवढाच. पुढे सतराव्या शतकात, पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठांनी ‘व्यवहारमयूखा’त हाच सिद्धान्त स्वीकारला आणि मुलूख जिंकल्याने राजाला रयतेच्या घरादाराची व शेतांची मालकी मिळत नाही, करवसुलीचा हक्क तेवढा मिळतो, असे प्रतिपादन केले.

हा निव्वळ यज्ञमंडपातला शास्त्रार्थ होय असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९०९ सालचे तेलभूमीचे प्रकरण अवश्य पाहावे.

तेथील १८७२ च्या खाणकायद्याने सरकारी जमिनीवर खनिज शोधणाऱ्याला जवळजवळ मुक्तद्वार दिले होते. खनिज सापडले की जमिनीच्या कोपऱ्यांवर खुंट ठोकावेत, आपल्या दाव्याची नोटीस तेथे लावावी, स्थानिक दप्तरात नोंद करावी, दरसाल शंभर डॉलरांचे काम दाखवावे आणि अखेर एकरी अडीच किंवा पाच डॉलर भरून कायमची सनद मिळवावी, अशी ती रीत होती. १८९७ साली ती तेलालाही स्पष्टपणे लागू करण्यात आली, आणि अनर्थाचे मूळ तेथेच आहे. कारण सोन्याची शीर जागची हलत नाही, पण तेल भूगर्भात वाहते, शेजाऱ्याने विहीर खोदली की आपल्या जमिनीखालचेही त्याच्या विहिरीत उतरते, आणि कायदा ते उपसणाऱ्याचेच मानतो. त्यामुळे गरज असो वा नसो, भाव मिळो वा न मिळो, जो तो घाईने उपसू लागला. कॅलिफोर्नियातील मॅरिकोपा गावाजवळची लेकव्ह्यू विहीर १९१० च्या मार्चमध्ये फुटली ती सुमारे अठरा महिने उसळत राहिली. वाळूच्या पोत्यांचे बांध घालून माणसांनी तेलाची तळी केली, तरी बाहेर पडलेल्या सुमारे नव्वद लाख पिंपांपैकी निम्म्याहून अधिक तेल उडून वा जमिनीत मुरून गेले. कोट्यवधी वर्षांची ती पुंजी दीड वर्षात अशी मातीमोल झाली, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे संचालक जॉर्ज ओटिस स्मिथ यांनी १९०९ सालीच इशारा दिला होता की, सरकारी तेलभूमी काही महिन्यांतच हातची जाईल, आणि जवळजवळ फुकट दिलेले तेलच सरकारला आपल्या आरमारासाठी परत विकत घ्यावे लागेल. त्यावर राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी २७ सप्टेंबर १९०९ रोजी हुकूम काढून कॅलिफोर्निया व वायोमिंगमधील तीस लाखांहून अधिक एकर जमीन नव्या दाव्यांतून वगळली. कायदेमंडळाने असा अधिकार त्यांना स्पष्ट शब्दांत दिलेला नव्हता. वायोमिंगमध्ये हुकूम डावलून केलेल्या एका दाव्यावरून तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९१५ साली सरकारच्या बाजूने निकाल लागला. न्यायालयाने पूर्वीची वहिवाट पाहिली : असे किमान २५२ हुकूम निघाले होते, त्यांपैकी १०९ लष्करी राखीव क्षेत्रांचे, ४४ पक्ष्यांच्या अभयस्थानांचे आणि ९९ मूलनिवासी जमातींच्या राखीव भूमीचे. या शेवटच्या आकड्यापाशी मी थांबतो. ज्यांची सारी भूमी होती त्यांनाच तिचा एक तुकडा राखून देणारी लेखणी भूमी सर्वांची आहे असे म्हणते, तेव्हा त्या ‘सर्वां’त कोणाकोणाची गणना झाली, हे विचारलेच पाहिजे.

शोधणाऱ्याच्या हक्कामागेही एक तत्त्वज्ञान आहे, आणि ते क्षुद्र नाही. जॉन लॉकच्या मते निसर्गाच्या वस्तूत माणसाने आपले श्रम मिसळले म्हणजे ती त्याची होते. पण इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहावे, अशी अट त्यानेच घातली आहे. भूगर्भातील तेलाच्या बाबतीत ही अट पाळणेच शक्य नाही, कारण एकदा जाळलेले तेल पुढच्यासाठी उरत नाही. मग ते द्रव्य कोणाचे? भाविक माणूस म्हणेल, ईश्वराची ठेव आहे. आपल्या धर्मशास्त्राने निक्षेप हे व्यवहाराचे स्वतंत्र पद मानले आहे, आणि ठेव जशी ठेवली तशी परत द्यावी असा त्याचा दंडक आहे. परंतु ठेव ठेवणारा कोण, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यावर हे कर्तव्य येत नाही काय? मला येथे शबरस्वामींचे मोल अपार वाटते. मीमांसक सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाहीत, तरीही भूमी देता येत नाही या निष्कर्षास ते पोचले. भूमी सर्वांना सारखी, एवढे एकच कारण त्यांना पुरले. आणि ‘सर्व’ म्हणताना अजून जन्मास न आलेल्यांना वगळण्याचे प्रयोजन मला तरी दिसत नाही.

अर्थात रक्षकाच्याही हेतूची परीक्षा व्हावी. टॅफ्ट यांच्या हुकुमामागे युद्धनौकांची चिंता होती, आणि राखलेल्या भूमीचे काही भाग पुढे आरमारासाठीच नेमण्यात आले. त्यांपैकी वायोमिंगचे टीपॉट डोम व कॅलिफोर्नियाचे एल्क हिल्स १९२२ साली खाजगी तेलवाल्यांच्या स्वाधीन झाले. भाडेपट्ट्यांचा लिलाव झाला नाही, आणि अंतर्गत कारभाराचे मंत्री अल्बर्ट फॉल यांना १९२९ साली लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. जो केवळ राखणदार होता त्याने स्वतःस धनी मानले. आणि शास्त्राने राजाला नाकारलेला अधिकार तो हाच.

१९२० च्या कायद्याने तेल व कोळसा भाडेपट्ट्याखाली आले, हे इष्टच झाले. परंतु १९७६ च्या कायद्यान्वये अंतर्गत कारभाराच्या मंत्र्याने पाच हजार एकर वा त्याहून मोठे क्षेत्र दाव्यांतून वगळले, तर त्याची मुदत एका वेळी वीस वर्षांहून अधिक असू शकत नाही, आणि एल्क हिल्स १९९८ साली एका खाजगी कंपनीला विकले गेले. सोने, तांबे, युरेनियम यांच्यासाठी १८७२ चा कायदा आजही जिवंत आहे आणि त्याखाली काढलेल्या धातूवर केंद्र सरकारला स्वामित्वधन मिळत नाही. तो कायदा रद्द झाला पाहिजे, आणि जे एकदा राखले ते मोकळे करण्याचा अधिकार मंत्र्याच्या सहीवर नव्हे, तर कायदेमंडळाच्या उघड चर्चेवर आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या संमतीवर सोपवला पाहिजे.