बोलणी आणि बोलणं

हिटलरला लिहिलेलं गांधीजींचं पत्र आता टिंगलीचा विषय झालं आहे. शेजारी देशाशी तणाव वाढला आणि कुणी 'बोलून तर पाहा' म्हणालं, की ते पत्र हमखास त्याच्या तोंडावर फेकलं जातं. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या चार दिवसांच्या लढाईनंतर वर्ध्यातल्याच एका व्याख्यानात मी हे ऐकलं. शत्रूशी बोलणं म्हणजे त्याला मान देणं, असं वक्ते म्हणाले, आणि हा मान देण्याची भाबडी रीत याच जिल्ह्यात पडली, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. सेवाग्राम तिथून जेमतेम आठ किलोमीटर. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पत्र वाचलं होतं, कोण जाणे. गांधीजींची टिंगल मला फारशी लागली नाही. तसली टिंगल त्यांनी हयातभर सोसली होती. लागलं ते 'बोलणं म्हणजे मान देणं' हे वाक्य. ते आता सभेतल्या टाळ्यांपुरतं राहिलेलं नाही. एरवी तोलूनमापून लिहिणारी माणसंही ते सिद्धान्तासारखं वापरू लागली आहेत.

आधी पत्राबद्दल. तारीख २३ जुलै १९३९, वर पत्ता वर्ध्याचा. पोलंडवरच्या हल्ल्याला अजून चाळीस दिवस होते. मजकूर मोजक्या ओळींचा. हे युद्ध टाळणं आज तुमच्या एकट्याच्या हातात आहे आणि साध्य कितीही मोलाचं वाटलं तरी त्यासाठी एवढी किंमत मोजणार का, इतकंच त्यात विचारलं आहे. डान्झिग घ्या असं त्यात नाही, वसाहती घ्या असं नाही, कशाची कबुली नाही. सरकारनं ते पुढे जाऊ दिलं नाही. दुसरं पत्र २४ डिसेंबर १९४० चं, बरंच मोठं. तुमचे विरोधक रंगवतात तसे तुम्ही राक्षस आहात असं मी मानत नाही, पण तुमची कित्येक कृत्यं राक्षसीच आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे, आणि चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, डेन्मार्क ही नावं घेऊन लिहिलं आहे. ब्रिटिशांशी आमचा झगडा आहे, तरी जर्मनीच्या मदतीनं त्यांचं राज्य घालवायची आमची इच्छा नाही, हेही त्यात आहे. तुमच्याच हत्यारात तुमच्यापेक्षा तरबेज असा कुणी उद्या निघेल आणि तुम्हाला हरवेल, हा इशारा आहे. तेही पत्र अडवलं गेलं. यात मान कुठे दिला आहे, हे मला कुणीतरी दाखवावं.

सगळा घोळ एका शब्दाचा आहे, आणि तो सोडवायची सोय आपल्या भाषेत आयतीच आहे. मराठीत बोलणी वेगळी आणि बोलणं वेगळं. बोलणी सोयरिकीची होतात, जमिनीच्या व्यवहाराची होतात, संपाची होतात. त्यांत देणंघेणं असतं, अटी असतात, मध्यस्थ असतो. ती जमतात किंवा फिसकटतात. बोलणं फिसकटत नाही. ते चालू असतं किंवा बंद असतं, आणि ते बंद झालं की त्याला आपण अबोला म्हणतो. आमच्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावाभावांत लागतं. हातभर जमिनीसाठी वीस-वीस वर्षं कोर्टात तारखा पडतात, समझोत्याची बोलणी तीनदा बसतात आणि तीनदा मोडतात. तरी एकाच्या घरी कुणी गेलं तर दुसऱ्याला निरोप जातो आणि तो मयतीला येतो. त्यामुळे त्याचा धुऱ्यावरचा हक्क बुडाला, असं गावात कुणी म्हणत नाही, आणि वकीलही म्हणत नाही. ज्या घरांत अबोला आहे, तिथे मात्र विहिरीच्या मोटरची चोरी कुणा तिसऱ्यानं केली तरी संशय भावावर जातो आणि रात्री कुऱ्हाड निघते.

'बोलणं म्हणजे मान' म्हणणाऱ्यांचा हुकमी एक्का म्हणजे म्युनिक. १९३८ चा सप्टेंबर, ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन, हिटलर, आणि बोलून काय झालं पाहा. पण म्युनिकला बोलणं झालं नव्हतं, बोलणी झाली होती. सुदेतन प्रदेश तिथे तोडून दिला गेला, आणि तोही ज्यांचा होता त्या चेकांना खोलीबाहेर बसवून. त्यातला अपराध देण्याचा होता. चेंबरलेननं तोंड उघडलं म्हणून चेकोस्लोव्हाकिया बुडाला नाही. त्यानं दुसऱ्याच्या मालकीची वस्तू सहीनिशी दिली म्हणून बुडाला. त्याची ती सही आणि सेवाग्रामच्या माणसाचं ते पत्र एकाच माळेत ओवणाऱ्याला बोलणी आणि बोलणं यांतला फरक कळत नाही, किंवा कळूनही नको आहे. मला दुसरी शक्यता जास्त वाटते, कारण हा फरक मान्य केला की 'आम्ही बोलणार नाही' या घोषणेतलं शौर्य पुष्कळ कमी होतं. काहीच न देता बोलता येतं, तर न बोलण्यानं नेमकं काय वाचवलं, हे सांगावं लागतं.

सेवाग्रामचा १९४२ चा उन्हाळा आणि पावसाळा या दृष्टीनं पुन्हा पाहण्यासारखा आहे. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारचा प्रस्ताव घेऊन क्रिप्स आले, एप्रिलमध्ये हात हलवत परत गेले. बोलणी फिसकटली. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला होता. त्याआधी फेब्रुवारीत चीनचे चिआंग कै-शेक भारतात आले, तेव्हा त्यांना वर्ध्याला यायचं होतं. चर्चिलना ते रुचलं नाही, आणि शेवटी गांधीजींची भेट कलकत्त्यात उरकावी लागली. एका साम्राज्याचा पंतप्रधान आपल्याच मित्रराष्ट्राच्या प्रमुखाला एका खेड्यात जाऊ देत नाही, हे मला त्या वर्षातलं फार बोलकं दृश्य वाटतं. बोलण्याची भीती कुणाला वाटते, हे त्यात दिसतं.

पण सेवाग्रामातून बोलणं थांबलं नाही. जूनमध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार आठवडाभर आश्रमात राहिले आणि रोज उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारत राहिले. ब्रिटिश गेले तर जपानला रान मोकळं होणार नाही का, चीनचं काय होणार, हे त्यांचे प्रश्न. त्याच महिन्यात गांधीजींची भूमिका बदललेली दिसते. ब्रिटिशांनी राज्य सोडावं ही मागणी कायम राहिली, पण स्वतंत्र भारताशी करार करून दोस्तांच्या फौजा इथे राहायला त्यांची हरकत उरली नाही. १४ जूनला त्यांनी चिआंगना तसं लिहिलं, १ जुलैला रुझवेल्टना लिहिलं. हा बदल त्यांच्याकडून कुणी सौद्यात मिळवला नव्हता. समोरचा विचारतो त्याला उत्तर देताना माणसाला स्वतःच्या म्हणण्यातली भोकं दिसतात, म्हणून तो झाला. बोलण्याचा हा उपयोग मुत्सद्देगिरीच्या पुस्तकांत सापडत नाही, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो.

मग १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं ब्रिटिशांनी जावं असा ठराव केला, आणि चारच दिवसांनी, १८ जुलैला, सेवाग्रामातून गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून पत्र लिहिलं. 'हरिजन'मध्ये ते २६ तारखेला छापून आलं. ज्या सत्तेशी भांडण तिच्या शत्रूला ते पत्र आहे, आणि त्यात त्या शत्रूची खुशामत नाही. चीनवरचा तुमचा हल्ला मला अत्यंत नापसंत आहे, असं त्यांनी जपान्यांना सांगितलं. भारतात तुमचं स्वागत होईल अशा भ्रमात राहू नका, तुमचा प्रतिकार होईल, असं बजावलं. आणि त्याच पत्रात आश्रमातल्या जपानी साधूची आठवण आहे. जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. त्यांच्या पंथाचे केशव नावाचे एक भिक्षू पुढे आश्रमात राहिले, तेच हे साधू. जपान युद्धात उतरला तसं सरकारनं त्यांना पकडून नेलं. त्यांनी म्हणायला शिकवलेला बौद्ध मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत राहिला. जपानशी युद्ध चालू असताना सेवाग्रामात रोज तो मंत्र म्हटला जात होता, आणि जपानच्या आक्रमणाविरुद्ध इतकं रोखठोक पत्रही तिथूनच निघालं. या दोन गोष्टींत ज्याला विसंगती दिसते, त्याच्याशी माझा वाद आहे.

तेव्हा बोलणं तोडलं कुणी? आश्रमात जुना टेलिफोन पाहायला मिळतो. व्हाइसरॉय लिनलिथगोंना गांधीजींशी चटकन बोलता यावं म्हणून तो बसवला होता, असं आश्रमात सांगतात. ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत ठराव झाला, तेव्हाही गांधीजी म्हणाले होते की मी आधी व्हाइसरॉयना भेटेन. ९ ऑगस्टच्या पहाटे त्यांना अटक झाली. सोबत त्यांचे सचिव महादेवभाई होते. १५ ऑगस्टला महादेवभाई आगाखान पॅलेसमधल्या कैदेतच वारले. दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीला जमाव पोलीस ठाण्यावर गेला, गोळीबार झाला, गावकरी मेले आणि पोलीसही मेले. आष्टीच्या हुतात्म्यांपुढे मी मान तुकवतो. पण ज्यांच्याशी बोलता आलं असतं अशी सगळी माणसं गजाआड टाकून सरकारनं ठाण्यासमोर फक्त बंदूक शिल्लक ठेवली होती, हेही सांगायला हवं. लिनलिथगोंनी त्या वेळी नेमकं तेच धोरण पत्करलं होतं, ज्याला आज आपण कणखरपणा म्हणतो.

गांधींचं सोडा, राज्यं अशी चालत नाहीत, असं यावर म्हणतात. राज्यं अशीच चालतात. १९६२ च्या क्युबाच्या पेचप्रसंगानंतर मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात १९६३ मध्ये थेट तार-यंत्राची जोडणी झाली. तिचा पहिला खरा उपयोग जून १९६७ मध्ये झाला, तो पश्चिम आशियातल्या सहा दिवसांच्या युद्धात. दोघांनी पाठीशी घातलेले देश रणांगणावर एकमेकांना भिडले होते, दोघांची आरमारं भूमध्य समुद्रात होती. ८ जूनला इस्रायलच्या विमानांनी अमेरिकेच्याच 'लिबर्टी' या जहाजावर हल्ला केला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना कळवलं की आमची विमानं उडताहेत ती त्या जहाजाची चौकशी करायला उडताहेत, गैरसमज नको. यात कुणी कुणाला काय दिलं? काहीच नाही. व्हिएतनामची लढाई तशीच चालू होती. पण त्या दिवशी एक अणुयुद्ध सुरू व्हायला जी एक चूक पुरली असती, ती झाली नाही.

आपल्याकडेही तेच आहे. भारत आणि पाकिस्तान एकमेकांना आपल्या अणुप्रकल्पांची यादी दर १ जानेवारीला देतात, १९९२ पासून न चुकता. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, आपण उच्चायुक्तांना परत बोलावलं, दोन्ही फौजा सीमेवर उभ्या राहिल्या, आणि १ जानेवारी २००२ ला याद्या दिल्याघेतल्या गेल्या. मे २०२५ मध्ये तर साऱ्या जगानं पाहिलं. १० तारखेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं. तो फोन उचलला म्हणून आपण शत्रूला मान दिला, असं मला एकाही वक्त्यानं सांगितलेलं नाही.

'तो तांत्रिक संपर्क होता, राजकीय नव्हे,' ही शेवटची पळवाट. ठीक आहे, नाव काहीही द्या. मी ज्याला बोलणं म्हणतो ते तुम्हाला तांत्रिक या नावानं चालत असेल, तर माझी तक्रार नाही. मात्र मग ते दोन सेनाधिकाऱ्यांच्या खांद्यावर का टाकायचं? गोळीबार थांबवणं त्यांच्या हातात असतं, पण गोळीबार होण्याआधीच्या सहा महिन्यांत कोण काय समजून बसला आहे, हे ताडणं त्यांचं काम नाही. लाहोरच्या बसनंतर कारगिल झालं, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये हात मिळवणारे मे महिन्यात डोंगरावर सापडले. बोलण्यानं दगा टळतो, असं मी म्हणतच नाही. दगा कळायला आणि आवरायलाही बोलणं लागतं. कारगिलच्या माघारीसाठी दोन्हीकडचे डीजीएमओ ११ जुलैला अटारीत बसले होते.

बोललं की सगळं मिटतं, असं मानणारे माझे शांततावादी मित्र आहेत, पण तसं मिटत नाही. व्यापार वाढला की युद्ध होत नाही म्हणणाऱ्यांनी १९१४ चं युरोप आठवावं. आणि मी शस्त्रं विसर्जित करा म्हणणाराही नाही. देशाचं मोठं दारूगोळा भांडार याच जिल्ह्यात पुलगावला आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली आणि जवान, अधिकारी, अग्निशमनची माणसं गेली. ते भांडार तिथे असायला हवं, हे मला मान्य आहे. त्यातला गोळा कधी, कुणावर आणि कशासाठी सुटेल, याचा निर्णय अबोल्यात होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ऑगस्ट २०१९ पासून इस्लामाबादेत आपले उच्चायुक्त नाहीत आणि दिल्लीत त्यांचे नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही कचेऱ्यांतली माणसं पंचावन्नवरून तीसवर आणली. सिंधू करारावर बोलणी नकोत, काश्मीरवर नकोत, व्यापारावर नकोत, तर आज नका करू; त्या प्रत्येक 'नको'मागे कारणं आहेत. पण उच्चायुक्त पाठवा आणि त्यांचाही येऊ द्या.