वाटसरूचा हक्क आणि आपली तहारत



फिक्हचे ग्रंथ उघडले की बहुधा प्रथम 'तहारत' म्हणजे शुद्धतेचे प्रकरण येते आणि नमाजचे त्यानंतर. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शुद्धतेला ईमानचा अर्धा भाग ठरविले, हे मकतबमधील लहान मूलही सांगेल. परंतु ही शुद्धता केवळ आपल्या वस्त्रांपुरती व वुजूपुरती आहे, असे मानले की तिचा मोठा अर्थ हातचा जातो.

सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) लोकांचे शाप ओढवणाऱ्या दोन कृत्यांपासून दूर राहण्यास बजावले: लोकांच्या वाटेवर आणि त्यांच्या सावलीच्या जागी मलमूत्र विसर्जन करणे. अबू दाऊद यांच्या संग्रहात पाणवठ्याचाही उल्लेख आहे. येथे प्रश्न मागून येणाऱ्या वाटसरूच्या हक्काचा आहे. तो वाटसरू कोणत्या धर्माचा, याची अट त्यात नाही.

आता आपल्या परिसराकडे पाहू. नाशिकहून सापुताऱ्याला जाणारे पर्यटक आपल्या सुरगाणा तालुक्यातील बोरगाववरून जातात. हिवाळ्यात त्याच रस्त्याच्या कडेला आदिवासी भगिनी स्ट्रॉबेरी विकत दिवसभर बसतात. नाशकात रामकुंडावर बाराही महिने यात्रेकरू येतात; २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्ये भरेल, तेव्हा ही संख्या कैक पटींनी वाढेल. एवढ्या माणसांनी देहधर्मासाठी कोठे जावे?

शहरांतून या प्रश्नाचे एक विचित्र उत्तर दिसते. भिंतीवर देवदेवतांच्या, क्रूसाच्या आणि काबागृहाच्या चित्रांच्या फरशा बसवितात, म्हणजे तेथे कोणी उभे राहणार नाही. पवित्र चिन्हांना मुतारीचे पहारेकरी करणे हा त्यांचा सन्मान नव्हे. शिवाय माणूस तेथून दहा पावले पुढे जातो, एवढेच.

प्रेषितांची (स.) रीत निराळी होती. एका ग्रामीण अरबाने प्रत्यक्ष मस्जिदीत लघवी केली. लोक त्याच्यावर धावून गेले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना अडविले, त्या जागी बादलीभर पाणी ओतावयास सांगितले आणि तुम्हाला सुलभता करण्यासाठी पाठविले आहे, अडचणी वाढविण्यासाठी नव्हे, याची जाणीव दिली. आज ती सुलभता म्हणजे पाणी, दार आणि कडी असलेले स्वच्छ शौचालय होय.

या अभावाचा अधिक भार स्त्रियांवर पडतो. पुरुष आडोसा शोधतो; स्त्री घरून निघतानाच पाणी पिणे टाळते आणि पुढे मूत्रमार्गाच्या विकारांनी त्रस्त होते. मुंबईत पुरुषांना मुतारी विनामूल्य असताना स्त्रियांकडून पैसे घेतले जात. याविरुद्ध २०११ मध्ये 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली. हया म्हणजे लज्जा हा ईमानचा भाग आहे, असे आपण मुलींना शिकवितो; मग ती लज्जा राखता येईल अशी जागा उपलब्ध करून देणे, हे कोणाचे कर्तव्य?

हज़रत उस्मान (रज़ि.) यांनी मदीनेतील रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. आपल्या मस्जिदींत पाणी आहे, शौचालयेही आहेत. रस्त्यालगतच्या मस्जिदीने बाहेरून स्वतंत्र दार असलेले एक शौचालय स्त्रियांसाठी बांधावे आणि ते कोणत्याही धर्माच्या प्रवाशाला खुले ठेवावे. ज्यांना अधिक सामर्थ्य आहे, त्यांनी ग्रामपंचायत वा नगरपंचायतीकडे जाऊन बसस्थानक व बाजाराच्या जागी अशी सोय मागावी. हा सदका-ए-जारिया ठरेल, इन्शाअल्लाह.

मात्र बांधून विसरू नये. झाडणाऱ्या हाताला योग्य मोबदला, हातमोजे आणि आदर द्यावा. मस्जिद झाडणारी एक स्त्री वारली आणि लोकांनी प्रेषितांना (स.) न कळविताच तिचे दफन केले. ते कळताच त्यांनी तिची कबर विचारून घेतली व तेथे जाऊन तिच्यासाठी नमाज पढली. ज्या कामाला आपण हलके समजतो, त्याची प्रतिष्ठा त्यांच्या दृष्टीने एवढी मोठी होती.

हे अल्लाह, आमची वस्त्रे आणि आमचे रस्ते दोन्ही शुद्ध राखण्याची सद्बुद्धी आम्हाला दे, आणि कोणाही वाटसरूच्या शापास आम्ही पात्र ठरू नये असे कर. आमीन.