रोमची कला रोममध्येच का शिकावी

ट्राजनचा स्तंभ पुस्तकात पाहणे सोपे असते. शिल्पपट्टीचे भाग पाडून एकेक प्रसंग पानभर छापलेला असतो, डेसियन कैद्यांच्या दाढ्यांतले केसही वेगळे दिसतात. रोममध्ये त्याच स्तंभाखाली उभे राहिले की मान अवघडते आणि खालचे काही वेढे सोडले तर धड काही दिसत नाही. इ.स. ११३ मध्ये उभारलेल्या या सुमारे तीस मीटरच्या संगमरवरी खांबाभोवती जवळजवळ दोनशे मीटर लांबीची युद्धकथा वर चढत जाते. माथ्याजवळची माणसेही तळातल्या माणसांइतकीच मन लावून कोरलेली आहेत. ती कोणी पाहावीत म्हणून? शेजारी दोन ग्रंथालये होती, त्यांच्या वरच्या मजल्यांवरून काही भाग दिसत असेल. पण सबंध कथा एका जागी उभे राहून कोणालाच कधी वाचता आली नसणार. पुस्तक वाचणाऱ्याला हा प्रश्न सुचतही नाही, कारण छायाचित्रकाराने तो त्याच्याआधीच सोडवून टाकलेला असतो.

रोममध्ये दर उन्हाळ्यात भरणाऱ्या अभ्यासवर्गांचे मोल मला इथे दिसते. अमेरिकन अकादमीचा असा वर्ग १९२३ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर अनेक देशांच्या विद्यापीठांनी ही वाट धरली. व्याख्याने मुख्यतः उघड्यावर होतात आणि जुलैचे ऊन सोसवत नाही, ही तक्रार खरी आहे. पण रोमन स्थापत्याचा केवढा तरी भाग सावलीसाठी घडला आहे. रांगेने खांब उभारलेले ओटे आणि स्नानगृहांच्या उंच कमानी यांचे प्रयोजन भर दुपारी आपोआप कळते. पँथिऑनच्या घुमटाला माथ्यावर उघडे भोक आहे. हिवाळ्यात माध्यान्हीचा कवडसा घुमटाच्या आतल्या अंगावर, वरच राहतो. जूनमध्ये तो फरशीवर उतरतो आणि आपण त्यात उभे राहू शकतो.

स्तंभापासून कॉन्स्टँटाईनच्या कमानीपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, आणि ती चाल मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाची वाटते. इ.स. ३१५ च्या या कमानीवर ट्राजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या काळातली शिल्पे काढून आणून बसवली आहेत. जुन्या सम्राटांचे चेहरे नव्याने घडवून त्यांना कॉन्स्टँटाईनचे रूप दिले आहे. त्यांच्या लगतच चौथ्या शतकातली ताजी पट्टी आहे : बुटकी, समोर तोंड करून उभी असलेली, एकसारखी माणसे. राफाएलला ती अगदी हिणकस वाटली होती, आणि तेव्हापासून ही पट्टी ऱ्हासाचा पुरावा म्हणून दाखवली जाते. मला हे पटत नाही. स्तंभावरचे बारकावे खालून दिसत नाहीत, हे नुकतेच अनुभवून आलेल्या विद्यार्थ्याला इथे सम्राट मधोमध आहे आणि बाकीचे त्याच्याकडे वळले आहेत, हे दुरूनही लगेच कळते. कारागिराचा हात कमी पडला असेलही. पण शिल्पाकडून अपेक्षा काय होती, तेही बदलले होते.

जागेवर जाऊन शिकण्यावर एक गंभीर आक्षेप आहे. ज्या रस्त्याने आपण चाललो तो मुसोलिनीने १९३२ मध्ये प्राचीन चौकांच्या अवशेषांवरून काढला. ऑगस्टसची शांतिवेदी १९३८ मध्ये मूळ जागेवरून दूर, त्याच्या समाधीजवळ जुळवली गेली आणि तिची दिशाही बदलली. मग ‘जागेवर’ पाहिले म्हणजे नेमके काय पाहिले? शिवाय लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात स्तंभाचे एकोणिसाव्या शतकातले प्लास्टरचे ठसे आहेत. धुराने आणि पावसाने मूळ संगमरवरावरून पुसलेले तपशील त्यांत टिकले आहेत. तपशिलासाठी लंडन बरे, हे मी मान्य करतो. पण वस्तू कोणी हलवली, कोणत्या सत्तेला ती कुठे हवी होती, हा इतिहास रोमच्या रस्त्यावरच अंगावर येतो. जागा अस्सल उरलेली नाही, हे समजणे अभ्यासाचाच भाग आहे.

मराठी विद्यार्थ्याला आणखी एक कारण आहे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, जेमतेम वीतभर उंचीची. ती लक्ष्मी म्हणून ओळखली जाते, यक्षी असण्याचीही शक्यता आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली जाण्याआधी ती समुद्रापार पोहोचली होती. तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला मिळाली आहे. उलट दिशेने आलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोम ही केवळ युरोपची पूर्वपीठिका आहे, ही समजूत या तीन वस्तूंपुढे टिकत नाही.

परदेशातले असे वर्ग महाग असतात आणि ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणूनच आपल्या विद्यापीठांनी शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, आणि निवडलेल्यांना जाण्याआधी तेर आणि कोल्हापूरला न्यावे. तिथे एकाच वस्तूपुढे अर्धा दिवस बसवावे, हाताने रेखाटन करायला लावावे, आणि ही वस्तू मूळ कुठे होती, कोणाला कुठून दिसत होती, हे लिहून काढायला सांगावे. रोममध्येही तेच करायचे आहे. पाच आठवड्यांत पन्नास स्मारके उरकणाऱ्या वर्गाला मात्र मी एकही विद्यार्थी पाठवणार नाही.