नावानिशी दुःख : चित्तप्रसाद आणि साक्षीची नीती

बांधिलकीच्या कलेविषयीची मराठी चर्चा बहुधा प्रचार आणि कला या जुन्याच द्वंद्वापाशी अडकून पडते. कृती प्रचारकी झाल्याने तिचे कलामूल्य उणावले काय, एवढेच विचारले जाते. ज्यांच्या दुःखाचे आशयद्रव्य करून ती उभी राहते, त्यांचे कलावंतावर कोणते ऋण असते, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

चित्तप्रसाद भट्टाचार्य यांच्या बंगालच्या दुष्काळावरील रेखाटनांत तो टाळता येत नाही. १९४३ च्या नोव्हेंबरात ते मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडले. त्या भटकंतीतून सिद्ध झालेली ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका सरकारने जप्त करून नष्ट केली. (जप्तीने परिणामकारकता सिद्ध होते, नैतिकता नव्हे, समीक्षेत या दोहोंची गल्लत फार होते.) अनेक रेखाटनांसोबत चित्तप्रसादांनी त्या व्यक्तीचे नाव, गाव आणि तिच्यावर ओढवलेला प्रसंग नोंदवला आहे.

त्याच दुष्काळात जैनुल आबेदिन यांनी काळ्या शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढलेल्या आकृती बहुतांशी निनावी आहेत. चित्र म्हणून त्या अधिक घट्ट आहेत, हे मान्य करावेच लागते. परंतु निनावीपणातच प्रतीक होण्याची सोय असते, आणि प्रतीकाला कोणीही, कोणत्याही कार्यासाठी राबवू शकतो. नाव-गाव असलेला माणूस भुकेचे केवळ चिन्ह व्हायला सहजी तयार होत नाही.

तरीही नाव नोंदवल्याने ऋण फिटत नाही. विचारणाऱ्यापाशी कागद होता. सांगणाऱ्यापाशी नकाराचे बळ कितपत होते? शिवाय ज्या कम्युनिस्ट पक्षासाठी ही चित्रे काढली जात होती, त्याची गरज त्या नावाच्या आधीच ठरलेली होती. चित्तप्रसादांचे श्रेय इतकेच, की त्यांच्या नोंदीमुळे ही विषमता झाकली जात नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) मराठी दलित आत्मकथनांत भोगणारा आणि सांगणारा एक झाला, म्हणून प्रश्न मिटला असे वाटते. प्रत्यक्षात तो घरात आला : आई, बायको, वस्तीतली माणसे यांच्या वतीने संमती कोणी दिली?

‘हंग्री बेंगॉल’च्या बचावलेल्या प्रतीचे २०११ मध्ये पुनर्मुद्रण झाले. चित्तप्रसादांची चित्रे आता कलादालनांच्या भिंतींवर असतात. तिथे किंमत ठरते ती चित्रकाराच्या नावाने. रेखाटलेल्याचे नाव वर्णनाच्या ओळीत उरते.