कोणते कष्ट आपल्याकडे ठेवायचे?

बंगळुरूत एक वर्षाआड ‘इंडियावुड’ भरतं. तुमकूर रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रातली ही लाकूडकामाची पेठ मुळात कारखानदारांसाठी असते. सुट्टीच्या दिवशी गच्चीत रंधा चालवणारा माणूस तिथे पोहोचला की स्टॉलवरचा प्रतिनिधी त्यालाही नेहमीचाच प्रश्न विचारतो: दिवसाला किती शीट कापता? त्या माणसाकडे याचं उत्तर नसतं. हे मनन त्याच्यासाठी आहे. पुण्या-कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून तुम्ही तिथे जाणार असाल, तर दालनात शिरण्याआधी किंवा आदल्या रात्री गाडीत हे सावकाश वाचा.

आधी स्वस्थ बसा. आपले तळहात समोर धरा आणि त्यांच्याकडे पाहा. आजवर या हातांनी काय काय केलं ते आठवा. एखादा पाट असेल, पुस्तकांचं कपाट असेल, आईच्या देवघराची चौकट असेल. त्यातला कोणता भाग करताना तुम्ही घड्याळ विसरला होतात? आणि कोणता भाग कधी एकदा संपतो असं झालं होतं? उत्तरं लगेच नकोत. हे दोन्ही प्रश्न सोबत घेऊन आत जा.

आत गेल्यावर पहिला तासभर काहीच विचारू नका, माहितीपत्रकंही घेऊ नका. एका यंत्रासमोर उभे राहा आणि त्याचं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा. आठ बाय चारची शीट पटावर येते. सीएनसीचं पातं तिच्यावरून फिरतं, तुकडे सुटे होतात. त्यांच्या कडांवर पट्टी चिकटते. मग ५ मिलिमीटरची भोकं एकमेकांपासून बरोबर ३२ मिलिमीटरवर पडत जातात. जगभरच्या कपाटांच्या फळ्या, बिजागऱ्या आणि सरकपट्ट्या याच अंतराला धरून बनतात, म्हणून एका देशातली बिजागरी दुसऱ्या देशातल्या कपाटाला बसते.

आता स्वतःला विचारा: हे यंत्र कोणत्या अडचणीचं उत्तर आहे? १९०६ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी सरकत्या टेबलाची करवत बनवली. मोठी फळी हातानं सरळ ढकलणं कठीण, म्हणून त्यांनी फळीखालचं टेबलच सरकतं केलं. दालनातल्या प्रत्येक यंत्राच्या मुळाशी कुणाचा तरी असाच त्रास आहे. कुणाची पाठ दुखली, कुणाची रेघ वाकडी गेली, कुणाचा माल वेळेत पोहोचला नाही. त्या त्रासाला मनातल्या मनात नाव द्या. नाव दिलंत की यंत्राची भूल उतरते आणि त्याच्याबद्दलचा आदर उरतो.

पुढे लाकडाच्या स्टॉलवर या आणि एका फळीवर हात ठेवा. डोळे मिटा. बोटं रेषांच्या दिशेनं न्या, मग आडवी न्या, आणि फरक जाणवू द्या. समोर सागवान असेल तर आलापल्लीच्या जंगलातला सरळसोट बुंधा मनात आणा. झाड तोडलं तरी लाकूड हवेशी देवाणघेवाण करतच राहतं. फर्निचरसाठी ते साधारण ८ ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात, तरीही कोकणातल्या पावसाळ्यात दार फुगतं आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र हलतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही: वाढवलयांच्या कडेकडेनं ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेनं आकसतं. म्हणून फळी वाळताना वाकते.

आता डोळे उघडून सभोवार पाहा. प्लायवुडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, ते हे हलणं थोपवण्यासाठी. एमडीएफमध्ये तर तंतूच सुटे करून दाबलेले असतात, त्यामुळे दिशाच उरत नाही. दिवसाला शेकडो कपाटं करायची तर प्रत्येक शीट सारखीच वागायला हवी, त्यामुळे या दालनाचा मोठा भाग लाकडाचा स्वभाव बाजूला सारण्यात गुंतलेला आहे. कारखान्याचं ते बरोबरच आहे. पण तुम्ही वर्षाला दोन-तीन वस्तू करता. फळीचा स्वभाव ओळखणं, तिच्या कलानं सांधा करणं, तिला हलायला जागा ठेवणं हेच तर तुमचं काम. ते टाळून तुमच्याकडे काय उरेल, याचा थोडा वेळ विचार करा.

इथे एका गोष्टीचं भान ठेवा. तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस कदाचित सुतार असेल. त्याचं घर या कामावर चालतं. दिवसभर रंधा मारून त्याचा खांदा धरला असेल, तर ते यंत्र त्याची सुटका आहे. कष्टांमधला आनंद तुम्हाला परवडतो, कारण तुमची चूल दुसऱ्या कामावर पेटते. मनात हातकामाची थोरवी गाताना हे विसरू नका. त्याच्याशी बोला. तो कोणतं यंत्र घेतोय आणि का, हे विचारा. प्रदर्शनातलं सर्वात खरं ज्ञान तुम्हाला तिथे मिळेल.

त्यानंतर पुन्हा आपल्या बोटांकडे या. काही कष्ट आणि धोके मुळीच जपण्यासारखे नाहीत. बारीक लाकडी भुसा श्वासावाटे आत जातो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत बसवलं आहे. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या स्टॉलवर म्हणूनच मन लावून थांबा. करवतीचंही तेच. सॉस्टॉप या टेबल सॉमध्ये पात्याला त्वचा लागताच विजेचा संकेत बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा पातं ५ हजारांश सेकंदाच्या आत थांबवतो. असं यंत्र प्रत्येकाला परवडणार नाही. मास्क, पात्यावरचं झाकण आणि फळी ढकलायची काठी प्रत्येकाला परवडते. घरी यांतलं काय नाही, ते आठवा आणि लिहून घ्या.

प्रदर्शन पाहून झाल्यावर अर्धा दिवस हाताशी असेल, तर म्हैसूर रस्त्यानं सुमारे ६० किलोमीटरवरच्या चन्नपट्टणला जा. तिथली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. आता तिथे बऱ्याच ठिकाणी लेथ विजेच्या मोटरवर फिरतात. रंगीत लाखेची कांडी मात्र कारागीर स्वतःच्या हातानं फिरत्या लाकडावर टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते, लाकडावर पसरते, मग केवड्याच्या जातीच्या पानानं घासून तिला चकाकी आणतात. कांडी किती दाबायची आणि कधी उचलायची, हे हातच ठरवतो. फिरवण्याचे कष्ट मोटरला दिले, दाबाची जाण स्वतःकडे ठेवली. ही निवड नीट पाहून घ्या. आपल्यालाही तीच करायची आहे.

आता एका जागी बसा आणि वही काढा. सुरुवातीचे दोन प्रश्न आता पुन्हा घ्या. एका पानावर लिहा: यंत्राला देऊन टाकायचे कष्ट. जाड फळ्या उभ्या चिरणं कदाचित तिथे जाईल. दुसऱ्या पानावर लिहा: माझ्याकडे ठेवायचे कष्ट. पटाशीला धार लावणं, सांधा बसवणं, शेवटचा रंधा फिरवणं. कुणाची यादी वेगळी असेल, तेही ठीक. तिसऱ्या पानावर फक्त धोके लिहा, म्हणजे जे आजच थांबवायला हवेत ते. पाहिलेलं प्रत्येक यंत्र या तीन पानांसमोर धरा. दुसऱ्या पानावरचं काम हिरावणारं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि तिसऱ्या पानावरच्या खर्चात काटकसर करू नका.

पहिल्या पानावरच्या खरेदीला घाई नाही. प्रदर्शनातली सवलत पुन्हा मिळते. घरी गेल्यावर महिनाभर ती यादी भिंतीवर लावा आणि मग ठरवा. तोवर घरात जी पटाशी आहे, तिला या आठवड्यात नीट धार लावा आणि एक सांधा मनापासून करा.