गरजेची पेटी व हौसेची पेटी

सिगार ज्या लाकडी पेट्यांतून विकले जात, त्या रिकाम्या पेट्यांना दांडी व तारा लावून अमेरिकेतील गरीब लोक एक प्रकारची गिटार तयार करीत असत, ही गोष्ट संगीताच्या इतिहासाची आवड असणाऱ्या वाचकांस ठाऊक असेल. ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी येथे पेटी या शब्दाने बाजाची पेटी मात्र समजू नये. हल्ली या गिटारीचा छंद तिकडे पुष्कळ वाढला आहे. आणि गंमत अशी की, मनाजोग्या जुन्या पेट्या सहजी मिळत नाहीत म्हणून काही हौशी लोक या गिटारीकरिता मुद्दाम नव्या पेट्या घडवू लागले आहेत. म्हणजे टाकाऊ वस्तूतून जे वाद्य जन्मास आले, त्याच्याकरिता ती टाकाऊ वस्तूच आता नव्याने निर्माण करावयाची! आमचा एक जुना विद्यार्थी गेली काही वर्षे त्या देशात स्थायिक झाला आहे. आपण अशी पेटी करावयास घेतल्याचे त्याने आम्हांस मोठ्या उत्साहाने कळविले, तेव्हा आम्ही त्यास उत्तर लिहिले की, हे गरिबीचे सोंग आहे. आणि बहुरूपीसुद्धा सोंग संपल्यावर आपण कोण ते सांगून मगच बिदागी मागतो. पत्र धाडल्यानंतर मात्र आम्हांस वाटू लागले की, आपण निकाल फार लवकर दिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या निकालाची फेरतपासणी होय.

हे वाद्य जन्मास कसे आले ते प्रथम पाहू. यादवी युद्धाचा (1861–1865) खर्च भागविण्याकरिता अमेरिकन सरकारने 1862 साली जे कर बसविले त्यांत सिगारवरील कर होता. पुढे त्याच दशकात, सिगार पेट्यांत भरूनच विकले पाहिजेत व पेटीवर कर भरल्याचे तिकीट चिकटविलेच पाहिजे, असे कायदे झाले. कर बुडू नये म्हणून रिकामी पेटी पुन्हा भरून विकण्यास मनाई होती. त्यामुळे चांगल्या वाळलेल्या लाकडाची, पातळ फळ्यांची, सुबक अशी पेटी सिगार संपताक्षणी दुकानदारास कवडीमोल होई. बायका तीत सुईदोरा ठेवीत, पोरे गोट्या ठेवीत. आणि ज्यांस गाण्याची तहान होती परंतु वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती, ते तिला काठी जोडीत. एडविन फोर्ब्ज नावाच्या चित्रकाराने युद्धातील आपल्या रेखाटनांवरून केलेली चित्रे 1876 साली प्रसिद्ध केली; त्यांतील एकात छावणीतला शिपाई सिगारच्या पेटीचे फिडल वाजविताना दिसतो. पुढील दशकात डॅनिअल बिअर्ड या लेखकाने अशा पेटीचा बँजो कसा करावा याची कृतीच मुलांकरिता छापली. करवसुलीच्या कायद्याने एका संगीताला आवाजाचे घर पुरवावे, हे कायदा करणारांच्या स्वप्नातही नसेल!

त्या घरात पुढे कोण कोण वाढले हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. टेक्ससमधील लाइटनिन् हॉपकिन्स याने बालपणी पेटीला भोक पाडून व जाळीच्या दारातील तार काढून आपली पहिली गिटार केली. आंधळा गायक विली जॉन्सन याचे पहिले वाद्य त्याच्या बापाने सिगारच्या पेटीपासून करून दिले होते असे सांगतात. हे दोघे कृष्णवर्णी. गुलामगिरी कायद्याने संपली असली तरी दारिद्र्य व अपमान ज्यांच्या वाट्याचे संपले नव्हते अशा समाजातले. परंतु टेनेसीमधील एका गोऱ्या खंडकऱ्याचा मुलगा कार्ल पर्किन्स यालाही बापाने सिगारची पेटी व झाडूचा दांडा यांचीच गिटार करून दिली. गरिबीला रंग नसतो असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्या देशात तो होताच. पण पेटीने मात्र तो विचारला नाही.

वाद्याची रचना अगदी साधी. एक चौकोनी दांडी पेटीतून आरपार जाते. तारांचा सगळा ताण ती दांडीच सोसते, पेटीवर तो जवळजवळ येतच नाही. म्हणून तर चार खिळ्यांची लेचीपेची पेटीही टिकाव धरते. झाकण हीच तबली. घोडीच्या जागी एखादा लोखंडी बोल्ट आडवा ठेवला तरी चालते. तारा बहुधा तीन, आणि त्या ज्या सुरांत लावतात ते आपल्या भाषेत सांगावयाचे तर षड्ज, पंचम व वरचा षड्ज. बाटलीच्या गळ्याचा तुकडा बोटात घालून तारेवरून घसरवला की जी मींड निघते, ती ऐकून आपल्याकडील कानाला परके असे काही वाटत नाही.

आता नवी पेटी कशाला, याची कारणेही ऐकून घेतली पाहिजेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिगारेटने सिगारला मागे टाकले व पेट्या कमी झाल्या. आज ज्या मिळतात त्यांतील कित्येक लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळ्यांच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या, वरून कागद चिकटविलेल्या असतात. त्यांचा आवाज बद्द येतो. खऱ्या जुन्या पेट्या उरल्या आहेत त्यांच्यावर रंगीत शिळाछापाची सुंदर चित्रे असतात, आणि संग्राहक त्या जपून ठेवतात. अशा पेटीला करवत लावणे म्हणजे जुनी पोथी फाडून पुड्या बांधण्यासारखे. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने स्वतःच लाकूड आणले. बाजूंना पाव इंच जाडीच्या फळ्या, झाकणाला तिच्या निम्म्या जाडीची. कोपऱ्यांशी दाते पाडून ते एकमेकांत बसविले व सरसाने पक्के केले. लाकूडही त्याने सिगारच्या पेट्यांना पूर्वापार लागणारेच निवडले. त्याला तिकडे स्पॅनिश सीडार म्हणतात, पण ते ना स्पेनचे ना खरे देवदाराच्या जातीचे. आपल्याकडील तून या झाडाचे ते जवळचे आप्त होय. सतारीच्या दांडीला व तबलीला आपले कारागीर तूनच वापरतात. ‘म्हणजे नात्याने आपलीच पेटी झाली,’ असे त्याने पत्रात लिहिले होते. आम्ही त्या वाक्यालाही फसलो नाही, उलट थोडे चिडलो.

आमच्या चिडण्याचे मूळ काय होते? विद्यार्थिदशेत आम्ही रस्किन वाचला, आणि तो ज्यांनी त्या वयात वाचला त्यांच्या मानगुटीवरून तो सहसा उतरत नाही. 1849 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात त्याने, एका पदार्थाला रंगवून दुसऱ्याच पदार्थाचा भास उत्पन्न करणे हे सरळ असत्याचरण ठरविले आहे. लाकडावर संगमरवराच्या शिरा काढणारा रंगारी जर खोटे बोलत असेल, तर पगारदार गृहस्थ उत्तम लाकूड विकत आणून, शंभर वर्षांपूर्वीच्या शेतमजुराच्या पोराने उकिरड्यावरून उचललेल्या पेटीची प्रतिकृती करतो तो काय करतो? शिवाय येथे नुसत्या पदार्थाचा भास नाही, दुःखाचा भास आहे. ज्याची अडचण त्याची राहिली बाजूला, आणि तिचा आकार तेवढा आपण दिवाणखान्यात टांगला, ही गोष्ट मनाला खचित लागते. मूळ वाद्यात जे मोलाचे होते ते लाकूड नव्हे. ‘नाही’ म्हणणाऱ्या जगातून एका पोराने काढून घेतलेले ‘आहे’ होते. ते विकत कसे मिळावे?

येथपर्यंत आमचा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटत होता. तो सैल झाला तो चार्ली ख्रिश्चन याच्यामुळे. विजेच्या गिटारीवर एकेक सुराची धावती गत वाजवून ज्याने जॅझ संगीतातील गिटारीचे स्थानच बदलून टाकले, आणि जो 1942 साली अवघ्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला, तोच हा. ओक्लाहोमा शहरातील त्याच्या बालपणाविषयी राल्फ एलिसन या प्रसिद्ध कादंबरीकाराने पुढे लिहिले आहे; ख्रिश्चन शाळेत असताना सिगारच्या पेट्यांच्या गिटारी करी, ही माहिती त्यात मिळते. आता विचार करा. हे पोर पेटी हाती धरून जे शोधीत होते ते पेटी होते काय? मुळीच नाही. त्यास गिटार हवी होती. पेटी ही त्याची निवड नव्हती, नाइलाज होता. आणि खरी गिटार मिळताच त्याने पेटी खाली ठेवली. ती देव्हाऱ्यात ठेवली असती तर आपण त्याचे नावही ऐकले नसते.

म्हणजे पेटीविषयीचा जो पूज्यभाव आम्ही मूळच्या गरिबांवर लादत होतो, तो त्यांच्या ठायी नव्हताच. तो आमचा होता. पोटभर जेवलेल्या माणसाचा होता. रिकामी, उचललेली पेटी हीच खरी, घडविलेली ती खोटी, असे म्हणणारा मनुष्य नकळत असे म्हणत असतो की, गरिबाने गरिबीतच शोभून दिसावे. याच्या उलट, पाव इंच फळीऐवजी दुसरी जाडी घेतल्याने तार अधिक काळ गुंजते काय, भोक वर घ्यावे की मध्ये, या विवंचनेत रात्र घालविणारा आमचा पगारदार विद्यार्थी, त्या पोराच्या इच्छेच्या आमच्यापेक्षा कितीतरी जवळ उभा आहे. दोघांस एकच हवे आहे: बरा आवाज. बो डिडली या कलावंताची गोष्ट येथे आठवते. लोकांस सिगारच्या पेटीची आठवण करून देणारी त्याची ती सुप्रसिद्ध चौकोनी गिटार 1958 साली ग्रेच कंपनीने त्याच्याकरिता खास बनवून दिली. आपला आकार त्याने आपल्या मापाने करवून घेतला, यात सोंग कोणते? जो आकार एकदा परिस्थितीने हाती दिला तोच पुढे आपल्या मर्जीने मागून घेणे, यात एक प्रकारचे स्वातंत्र्यच आहे.

तथापि याचा अर्थ असा नव्हे की, सर्वच हौशी निर्दोष आहेत. नव्या पेटीवर जुन्या लेबलाची नक्कल चिकटवावयाची, कडा मुद्दाम घासून झिजवावयाच्या, चहाच्या पाण्याने डाग पाडावयाचे, ही कलाही प्रचलित आहे. येथे रस्किनचा कोरडा आम्ही आनंदाने पुन्हा हाती घेतो. पेटी घडविणे ही कृती आवाजाकरिता आहे. डाग पाडणे हे ऐकणाराच्या कानाकरिता नसून पाहणाराच्या डोळ्यांकरिता आहे, आणि त्या डोळ्यांत दुसऱ्याच्या हालांची धूळ फेकावयाची आहे. दोहोंतील सीमारेषा नेहमी स्पष्ट असेल असे नाही. केवळ जुन्याच्या प्रेमाने लेबल लावणाऱ्यास आम्ही फाशी देणार नाही. पण ती पेटी विकावयास काढली आणि विकत घेणाराने ‘किती जुनी?’ असे विचारले, म्हणजे मग प्रेमाची परीक्षा होते.

एक शंका मात्र अजून मिटत नाही, आणि ती मिटल्याचा आव आणणे बरे नव्हे. विद्यार्थ्याने तूनचे नाव काढले म्हणून आम्हांस मिरज आठवली. तेथील तंबोरे व सतारी करणारांची परंपरा दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. 2024 साली त्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. दांडी व तबली यांचे लाकूड ते मापाने कापतात. परंतु भोपळा? तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत वेलीवर वाढतो, आणि त्यास गुण्या लावता येत नाही. कारागीर ढिगातून एकेक उचलतो, टिचकी मारून पाहतो. घेर मोठा निघाला तर पुरुषी आवाजाचा तंबोरा, लहान निघाला तर बायकी आवाजाचा. म्हणजे पहिला शब्द भोपळ्याचा, नंतरचे कारागिराचे. सिगारची रिकामी पेटीही अशीच होती: तिची लांबी-रुंदी सिगारने ठरविलेली, गिटारीने नव्हे. तिच्याशी जमवून घेता घेता पोराच्या हातून काही असे निघे की, जे त्याला आधी सुचलेच नसते. कागदावर आधी रेखाटून घडविलेल्या पेटीत हे बोलणारे दुसरे माणूसच नाही. तीत घडविणारा फक्त आपलाच आवाज ऐकतो. गरिबीचे गोडवे न गाताही हे नुकसान नुकसानच आहे असे आम्हांस वाटते, आणि त्याची भरपाई कशाने व्हावी हे आम्हांस सांगता येत नाही.

यातील बराचसा भाग आम्ही विद्यार्थ्यास कळविला व पहिल्या पत्राबद्दल दिलगिरी प्रदर्शित केली. त्याने वाद न घालता ती गिटारच आमच्याकडे पाठवून दिली. तिला लेबल नाही, डाग नाहीत. झाकण उघडले की आतल्या बाजूस पेन्सिलीने त्याचे नाव व साल लिहिलेले दिसते. झाकणाच्या बिजागऱ्या त्याने हौसेने कायम ठेवल्या आहेत, वास्तविक वाद्याला त्यांची काही गरज नाही. आमच्या धाकट्या मुलीने हे पहिल्याच दिवशी हेरले आणि आपल्या पेन्सिली, खोडरबर व दोन-चार शिंपले तीत ठेवण्यास सुरुवात केली. त्यामुळे तार छेडली की आवाजाबरोबर एक बारीकसा खुळखुळाट ऐकू येतो. त्या वस्तू काढून घे, असे अद्याप आम्ही तिला सांगितलेले नाही.